पहिल्या कॅमेऱ्यासाठी दुसरी लेन्स : प्रश्न अंतराचा की प्रकाशाचा?

नवी दिल्ली : लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा बहुतेक घरांत काही निमित्ताने येतो. बडोद्यात नवरात्रातला गरबा असतो, पुण्यात मुलीचे कथकचे पहिले सादरीकरण असते, इंदूरला धाकट्या भावाचे लग्न ठरलेले असते. सणासुदीच्या सवलतीत कॅमेऱ्याच्या खोक्यात एकाऐवजी दोन लेन्स मिळतात. एकीवर ‘१८-५५’ लिहिलेले असते, दुसरीवर ‘५५-२००’ किंवा ‘७०-३००’. आता जवळचेही टिपता येईल आणि दूरचेही, या समाधानात खरेदी होते. कार्यक्रम पार पडतो. छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर उघडली की दिसते, मुलीचा चेहरा ओळखू येतो आहे, पण हातांच्या मुद्रा आणि घुंगरांची पावले पुसट झाली आहेत. कॅमेरा बदलून मिळेल का, असा प्रश्न मग दुकानात विचारला जातो.

दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. खोक्यातील दोन्ही लेन्समध्ये उणीव एकच असते. दुसरी लेन्स दूरचे जवळ आणते. अंधुक सभागृहात लागणारा प्रकाश आणत नाही. अंतर आणि प्रकाश या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळ्या लेन्समध्ये सापडतात. आपली अडचण यांपैकी कोणती, हे न ठरवता घेतलेली लेन्स कपाटात पडून राहण्याची शक्यता अधिक.

लेन्सवरचे आकडे

लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा म्हणजे शालेय विज्ञानात शिकलेले नाभीय अंतर. छायाचित्रकारांच्या बोलीत ती फोकल लेंग्थ. हा आकडा लहान असेल तर लेन्स मोठा परिसर पाहते, मोठा असेल तर थोडाच भाग पाहते आणि तो मोठा करून दाखवते. पहिल्या कॅमेऱ्यांत बहुधा असतो तो ‘एपीएस-सी’ आकाराचा, म्हणजे साधारण २३.५ मिमी रुंदीचा सेन्सर धरून हिशेब केला तर चित्र स्पष्ट होते. तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसांकडे कॅमेरा आडवा धरून रोखला, तर १८ मिमीची लेन्स जवळपास चार मीटर रुंदीचा भाग टिपते. त्यात अख्खे कुटुंब मावते. ३५ मिमीला दोन मीटर दिसतात, ५० मिमीला सुमारे १.४ मीटर. २०० मिमीला उरतात जेमतेम ३५ सेंटीमीटर, म्हणजे एक चेहरा.

दुसरा आकडा ‘एफ’चा. नवख्यांना तो उलटा वाटतो, कारण तो भागाकार आहे. नाभीय अंतराला लेन्सच्या छिद्राच्या, म्हणजे ॲपर्चरच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/१.८ म्हणजे सुमारे २८ मिमी व्यासाची खिडकी. त्याच ५० मिमीवर एफ/५.६ म्हणजे जेमतेम ९ मिमीची. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून या दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रकाशात सुमारे साडेनऊ पटींचा फरक पडतो. खोक्यातील लेन्सवर ‘३.५-५.६’ असे दोन आकडे असतात, त्याचा अर्थ असा की, १८ मिमीवर ती बऱ्यापैकी उघडते आणि ५५ मिमीपर्यंत झूम केले की खिडकी तुलनेने आकसते. रंगमंचाकडे झूम करताना नेमके हेच घडते.

आता सभागृहाकडे परत येऊ. मध्यम प्रकाशयोजनेत, आयएसओ ३२०० ठेवून, एफ/५.६ वर शटर सेकंदाच्या विसाव्या भागापर्यंत उघडे राहू शकते. एवढ्या वेळात नर्तिकेचा हात वीतभर सरकून जातो. तेच दृश्य एफ/१.८ वर घेतले तर सेकंदाचा सुमारे दोनशेवा भाग पुरतो आणि हात हाताच्या जागी दिसतो. लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण येथे उपयोगी पडत नाही, ही बाब दुकानात क्वचितच सांगितली जाते. स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप सावरते. समोरच्या माणसाची हालचाल थांबवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पैसे खर्च करण्यापूर्वी मात्र एक फुकटचा उपाय करून पाहावा. अनेकजण चित्रात दाणे दिसतील या भीतीने आयएसओ वाढवतच नाहीत. गेल्या दहाएक वर्षांतील सेन्सर आयएसओ ६४०० वरही चांगले काम करतात आणि दाणे कमी करणारी संगणकप्रणालीही आता सहज मिळते. दाणेदार पण स्पष्ट छायाचित्र ठेवता येते. हललेल्या छायाचित्रावर नंतर फारसा इलाज नाही.

तीन महिने एकच लेन्स

दुसरी लेन्स कोणती घ्यावी, याचे उत्तर पहिल्या लेन्सने काढलेल्या छायाचित्रांतच असते. प्रत्येक डिजिटल फाइलमध्ये त्या क्षणीची फोकल लेंग्थ, ॲपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ यांची नोंद होते. संगणकावर फाइलच्या गुणधर्मांत ती वाचता येते. दोन-तीन महिने कॅमेरा नेहमीसारखा वापरावा आणि मग आवडलेली आणि बिघडलेली, अशी दोन्ही प्रकारची दोनशे-तीनशे छायाचित्रे या नोंदींसह पाहावीत.

बहुसंख्य छायाचित्रे ५५ मिमीवर घेतलेली असतील आणि नंतर कापून मोठी केलेली असतील, तर प्रश्न अंतराचा आहे. आयएसओ वरच्या टोकाला, शटर तिसाव्या-चाळिसाव्या भागावर आणि चित्रे पुसट, असे दिसले तर प्रश्न प्रकाशाचा. सगळी चित्रे १८ मिमीवर आणि छायाचित्रकाराची पाठ भिंतीला टेकलेली, असे असेल तर अधिक रुंद लेन्सचा विचार करता येईल. पण तो शेवटी, कारण बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा जेवढा परिसर पाहतो, साधारण तेवढाच खोक्यातील लेन्स १८ मिमीवर पाहते. रुंद दृश्याचे काम खिशातील फोन आजही करतो आहे. नव्या कॅमेऱ्याकडून अपेक्षा असते ती फोनला जमत नाही त्याची.

यांपैकी काहीच दिसले नाही तर? मग दुसरी लेन्स घेण्याचे कारण नाही. ते पैसे प्रवासावर खर्च करावेत.

‘पन्नास’चा आग्रह

प्रकाशाची अडचण सांगितली की जाणकार मित्र एका वाक्यात मोकळे होतात : ‘फिफ्टी घे.’ सल्ला चुकीचा नाही, पण त्यामागचा इतिहास विसरला गेला आहे. ५० मिमीला ‘सामान्य’ लेन्स म्हणण्याची रूढी ३६ गुणिले २४ मिमीच्या फिल्म चौकटीतून आली. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ही चौकट जगभर रुजवली. फाळणीनंतरच्या काळात भारतात येऊन महात्मा गांधींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची छायाचित्रे टिपणारे हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे आयुष्यभर प्रामुख्याने याच लेन्सवर विसंबून राहिले. गर्दीत मिसळून, माणसांपासून चार पावलांवर उभे राहून काम करायला ती नेमकी होती.

तीच ५० मिमी लेन्स एपीएस-सी सेन्सरवर लावली की लहान सेन्सर तिच्या दृश्याचा फक्त मधला भाग टिपतो. निकॉन, सोनी, फुजीफिल्म यांच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांवर ती फिल्मच्या हिशेबात ७५ मिमीसारखी वागते, कॅननवर ८० मिमीसारखी. म्हणजे दिवाणखान्यात वाढदिवसाचा केक कापताना आजी-आजोबांसह सगळे चौकटीत हवे असतील, तर छायाचित्रकाराला स्वयंपाकघरात जाऊन उभे राहावे लागेल. जुन्या छायाचित्रकारांच्या ‘पन्नास’ची नजर या कॅमेऱ्यावर हवी असेल तर ३५ मिमीच्या आसपासची लेन्स घ्यावी. घरगुती समारंभांसाठी, प्रवासात, बाजारात फिरताना तीच अधिक सोयीची, असे या प्रतिनिधीचे मत आहे.

मग ५० मिमी कोणासाठी? चेहऱ्यांसाठी आणि रंगमंचासाठी. रुंद लेन्सने चेहरा मोठा टिपायचा तर फार जवळ जावे लागते. इतक्या जवळून नाक कानांपेक्षा कितीतरी पुढे असते आणि तसेच ते चित्रात फुगलेले दिसते. हा दोष लेन्सच्या काचेचा नव्हे, अंतराचा. ५० मिमीने दोन मीटर मागे राहून चेहरा टिपता येतो आणि समोरच्या माणसालाही संकोच होत नाही. सभागृहात मात्र जागा महत्त्वाची. सहा मीटरवर, म्हणजे पुढच्या रांगांत बसून कॅमेरा उभा धरला तर नर्तिका चौकटीच्या निम्म्याहून अधिक उंची व्यापते. वीस मीटरवर, मागच्या रांगांत, ती सहाव्या भागाएवढी उरते. आयोजकांना आधी विनंती करून पुढे जागा मिळवणे हा महागड्या लेन्सला असलेला सर्वांत स्वस्त पर्याय आहे.

मोठ्या छिद्राची एक किंमतही असते. ५० मिमी, एफ/१.८ आणि दोन मीटर अंतर असताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दहा-बारा सेंटीमीटर जाडीचा असतो. वधू-वरांपैकी एकजण थोडा मागे असला तरी त्याचा चेहरा धूसर होतो, आणि ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळत नाही. दोघे असतील तर एफ/४ पर्यंत छिद्र लहान करावे, मोठ्या घोळक्यासाठी त्याहून लहान.

हे सर्व हौसेसाठी. लग्नसमारंभांची कामे घेऊन कॅमेऱ्याचा हप्ता फेडायचा आहे, अशा तरुणांचा हिशेब वेगळा असतो. मंगलाष्टके सुरू असताना लेन्स बदलत बसता येत नाही आणि अक्षता पडल्याचा क्षण पुन्हा मिळत नाही. त्यांच्यासाठी सर्व झूमभर एफ/२.८ राहणारी १७-५० किंवा १८-५० मिमी प्रकारची लेन्स हा खरा पुढचा टप्पा आहे. ५५ मिमीकडच्या टोकाला ती खोक्यातील लेन्सच्या चौपट प्रकाश आत घेते. ती स्वस्त नाही, म्हणून पहिल्या एक-दोन कामांसाठी भाड्याने घेऊन पाहावी. मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. जे उपकरण महिन्यातून दोनदा लागते, ते विकत घेण्याची घाई नसावी.

बुलबुल आणि तीनशे मिमी

अंतराची अडचण ही मुख्यत्वे पक्षी, वन्यजीव आणि मैदानी खेळ यांची. येथे कल्पना आणि वास्तव यांत मोठी तफावत असते. समजा, वीस मीटरवरच्या फांदीवर सुमारे २० सेंटीमीटर लांबीचा लालबुड्या बुलबुल बसला आहे. ५५ मिमीवर तो चौकटीच्या रुंदीच्या चाळिसाव्या भागाहूनही लहान दिसेल. ३०० मिमीवर आठवा भाग व्यापेल, ६०० मिमीवर चौथा. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातून परतलेल्या अनेकांचा ३०० मिमीबद्दल भ्रमनिरास होतो, तो या गणितामुळे. ताडोब्यात जिप्सीपासून वीस-तीस मीटरवर आलेल्या वाघासाठी मात्र तेच ३०० मिमी भरपूर ठरते. प्राणी केवढा आणि आपल्याला किती जवळ जाऊ दिले जाते, यावर निवड अवलंबून आहे.

दूरची लेन्स घेताना नावातील अक्षरे नीट वाचावीत. कॅननची ‘आयएस’, निकॉनची ‘व्हीआर’, सोनीची ‘ओएसएस’ ही स्थिरीकरणाची खूण आहे. सारख्याच फोकल लेंग्थच्या, दिसायलाही सारख्या अशा दोन आवृत्त्या बाजारात असू शकतात, एक या सोयीची आणि दुसरी नसलेली. सवलतीच्या खोक्यात कोणती आहे ते उघडून पाहावे. कॅमेऱ्यातच स्थिरीकरण असेल तर गोष्ट वेगळी. दोन्हीकडे नसेल, तर ३०० मिमीवर हातात धरून स्पष्ट छायाचित्रासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून वेगवान शटर लागते. सकाळी सहा वाजता जंगलात तेवढा प्रकाश नसतो.

१८ पासून २०० किंवा ३०० पर्यंतची एकच लेन्स प्रवासात धूळ आणि ओझे दोन्ही वाचवते, पण प्रकाशाची अडचण जशीच्या तशी ठेवते. फुले-कीटकांचे छायाचित्रण करणाऱ्यांनी ‘मॅक्रो’ हा शब्द पुरेसा मानू नये; सेन्सरवर वस्तूच्या मूळ आकाराएवढी प्रतिमा देणारी, म्हणजे १:१ प्रमाणाची लेन्स आहे का, ते पाहावे.

एकदा जडलेले नाते

लेन्स ज्या खाचेत बसते त्या माऊंटचा विचार खरे तर कॅमेऱ्याच्याही आधी व्हायला हवा. कॅमेरे बदलतात, लेन्स दोन-दोन दशके टिकतात. निकॉनचा एफ माऊंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आरशाविना चालणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी अनुक्रमे झेड आणि आरएफ हे नवे माऊंट आणले. सोनीचा ई माऊंट २०१० चा, फुजीफिल्मचा एक्स २०१२ चा.

जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर अडॅप्टरने बसतात, नव्या लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर बसत नाहीत. याचे कारण साधी भूमिती आहे. डीएसएलआरमध्ये आरशासाठी जागा सोडावी लागते, म्हणून निकॉनच्या एफ माऊंटमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून ४६.५ मिमी दूर असते. झेडमध्ये केवळ १६ मिमी. मधली ३०.५ मिमीची पोकळी अडॅप्टरने भरून काढता येते. उलट दिशेने जायचे तर लेन्स कॅमेऱ्याच्या आत घुसवावी लागेल.

बसली म्हणजे चालली, असेही नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील प्राथमिक कॅमेऱ्यांमध्ये फोकसची मोटर नाही. नावात ‘एएफ-डी’ असलेली जुनी लेन्स त्यांवर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. काकांनी प्रेमाने दिलेल्या किंवा स्वस्तात मिळालेल्या जुन्या लेन्सबाबत हा अनुभव अनेकांना येतो. कॅननमध्ये ईएफ-एस लेन्स त्याच कंपनीच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही.

जुन्या बाजारात बॅटरी हवी

मिररलेसकडे वळणारे लोक आपल्या डीएसएलआरच्या लेन्स विकत असल्याने वापरलेल्या लेन्सचा बाजार सध्या नवख्यांच्या सोयीचा आहे. दिल्लीत चांदणी चौकातील कूचा चौधरी, मुंबईत फोर्ट परिसर, कोलकात्यात धर्मतल्ल्याची मेट्रो गल्ली येथे अशी खरेदी-विक्री वर्षानुवर्षे चालते. आपला कॅमेरा आणि एक छोटी बॅटरी सोबत न्यावी. लेन्सच्या मागील बाजूने प्रकाश टाकून पुढून पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर बिघडले नाही, चित्रावर त्यांचा परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट तंतू दिसले तर ती लेन्स खाली ठेवावी. ती बुरशी आहे. छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे का, फोकसचे कडे अडखळते का, हे तपासावे. आपल्या कॅमेऱ्यावर लावून जवळ, दूर आणि सर्वांत मोठ्या छिद्रावर दहा-बारा छायाचित्रे घ्यावीत. लेन्सवरील क्रमांक बिलाशी जुळतो का, हेही पाहावे.

बुरशी नव्या लेन्सलाही लागते. कोकण, गोवा, केरळ, बंगाल, आसाम येथे पावसाळ्यात हवेतील आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते आणि बंद, काळोख्या कपाटात बुरशीला सर्व काही अनुकूल मिळते. प्रस्तुत प्रतिनिधीने नोकरीच्या पहिल्या वर्षी उत्साहाने घेतलेली दूरची लेन्स फारशी लागलीच नाही. कातडी पिशवीत दोन पावसाळे काढल्यावर ती पुन्हा बाहेर आली तेव्हा काचेच्या कडेने पांढरी नक्षी उमटली होती. साफसफाईचा खर्च तिच्या किमतीच्या जवळपास गेला असता.

लेन्ससोबत दुकानदार हमखास पुढे करतो त्या स्वस्त यूव्ही फिल्टरऐवजी ते पैसे लेन्सच्या हुडवर आणि साठवणीवर खर्च करावेत. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढे घरगुती वापराला पुरते. मापकाचा काटा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राहावा. रंग बदलणारे सिलिका जेल ओलावा शोषून रंग पालटले की तापवून पुन्हा वापरता येते. कातडी किंवा कापडी पिशवी प्रवासापुरतीच ठेवावी, कारण ती ओलावा धरून ठेवते. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरावी. बुरशी काचेवरील लेपाला आम्लाने कोरते. एकदा कोरली गेल्यावर बुरशी पुसता येते, तिच्या खुणा पुसता येत नाहीत. बुरशी लागलेली लेन्स दुरुस्त होईपर्यंत इतर लेन्सच्या डब्यात ठेवू नये.